मदनेवस्तीच्या सेहेचाळीस चिठ्ठ्या

“मास्तर, काल तर नेलासा की डबा. आज पुन्यांदा कशाला आणलाय?”

अनसाबाईंनी डोक्यावरची घागर उतरवली आणि कमरेवर हात ठेवून माझ्या स्कूटरकडे पाहिलं. मागच्या सीटला सुतळीने बांधलेला पत्र्याचा डबा होता. बिस्किटांचा मोठा डबा, झाकणाला चिठ्ठी जाईल एवढी खाच आणि कडीला पितळी कुलूप. या डब्याचा मला त्या काळी फार अभिमान होता.

“मावशी, जरा घोळ झालाय,” मी म्हणालो. “परत एकदा घरोघर फिरवावा लागेल.”

“कसला घोळ?”

“सांगतो. आधी पाणी तरी द्याल की नाही?”

“पानी मागायला बरी जागा गावली तुमास्नी,” त्या म्हणाल्या. पण तांब्या भरून दिला. ते पाणी दोन मैलांवरच्या विहिरीतून आलेलं होतं, हे ठाऊक असूनही मी अर्धा तांब्या प्यायलो आणि उरलेल्याने तोंड धुतलं. अनसाबाई बघत राहिल्या.

मी तेव्हा छत्तीस वर्षांचा होतो. सांगलीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो आणि बिनपगारी रजा काढून ‘कानोसा’ नावाची कंपनी काढली होती. कंपनी म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या आणि मेहुण्याचा टाइपरायटर. लोकांना कोणता साबण आवडतो, कोणता चहा आवडतो, असले प्रश्न घेऊन मी दोन वर्षं दारोदार हिंडलो. साबण कुणाला आवडो न आवडो, मला मात्र त्या कामाचा वीट आला होता. आणि मग विधानसभेच्या निवडणुकीआधी कळंबगाव तालुक्याचं काम चालून आलं.

उमेदवार दोनच म्हणायचे. आप्पासाहेब खराडे तीन वेळा आमदार झालेले, साखर कारखान्याचे चेअरमन, चिन्ह शिडी. समोर निवृत्त शाळामास्तर पोळ गुरुजी, चिन्ह छत्री. हे काम मला कुणी दिलं, हे मी कुणाला सांगत नव्हतो. आमच्या धंद्याचा तो नियमच आहे. काम आप्पासाहेबांचं होतं.

तोंडावर विचारलं की खेड्यातला माणूस खरं सांगत नाही, समोरच्याला आवडेल ते सांगतो, हे मला साबणाच्या वेळीच उमगलं होतं. म्हणून मी डबा काढला. छापील चिठ्ठीवर शिडी आणि छत्री. आवडेल त्यावर फुली करायची, घडी घालायची, खाचेतून आत टाकायची. नाव नाही, गाव नाही, सही नाही. प्रत्येक वस्तीत एक अशी बाई निवडायची जिच्या शब्दाला मान आहे, आणि डबा तिच्या हातून फिरवायचा. मदनेवस्तीत ती बाई म्हणजे अनसाबाई मदने. धनगरांची सव्वीस घरं. तिथे कुणाच्या सुनेला कळा लागल्या तरी आधी अनसाबाईंना हाक जायची.

आणि प्रत्येक ठिकाणी मी एक वाक्य हमखास म्हणायचो. “अठराही वस्त्यांचे डबे एका चादरीवर ओतून, मिसळून, मगच मोजतो. कुठल्या वस्तीचं काय, हे मलासुद्धा कळत नाही.” खऱ्या मतमोजणीतही तेव्हा निरनिराळ्या केंद्रांवरच्या मतपत्रिका मिसळून मगच मोजत, कोणत्या वाडीने कुणाला पाडलं ते कळू नये म्हणून. लोकांना ते ठाऊक होतं. त्यामुळे माझ्या वाक्यावर त्यांचा चटकन विश्वास बसायचा.

मी मिसळत नव्हतो. वस्तीवार आकडे नसतील तर तालुक्याचा अंदाज बांधायचा कसा? एवढं साधं गणित होतं. मी एकटाच बघणार, मी एकटाच मोजणार; मग वाक्य थोडं खोटं असलं म्हणून कुणाचं काय जातं, असं मी स्वतःला समजावलं होतं.

तर आदल्या दिवशी मी मदनेवस्तीचा डबा उघडला होता. सेहेचाळीस चिठ्ठ्या. त्यातल्या चव्वेचाळीस शिडीच्या.

मला हसूच आलं. लग्नाच्या पंगतीत वरणाला मीठ बरोबर आहे की नाही यावरही एवढं एकमत होत नाही! खोटं नेहमी असंच गुळगुळीत असतं. खऱ्याला कंगोरे असतात. लोक डब्यालाही घाबरले होते. आणखी तीन वस्त्यांचं तसंच झालं होतं. त्या चार डब्यांनी माझा अंदाज बिघडणार होता, आणि पहिल्याच मोठ्या कामात माझं नाक कापलं जाणार होतं.

“सगळीकडूनच शिडी निघतीय, मावशी,” मी अनसाबाईंना म्हणालो. “अठराच्या अठरा वस्त्यांत परत फिरतोय.” हे दुसरं खोटं. “लोक भिऊन टाकताहेत. तुमच्या वस्तीचंही तसंच झालं असणार, मला काय कळायला मार्ग नाही. पण तुम्हीच सांगा, झालं असेल की नाही?”

अनसाबाईंनी पदराने कपाळ पुसलं आणि रस्त्याकडे बोट केलं. वस्तीच्या तोंडाशी, बाभळीखाली, काळे पाइप रचून ठेवले होते. शंभर-सव्वाशे तरी असतील.

“त्ये दिसत्यात न्हवं? दिवाळीला आल्यात. आप्पासायबांनी धाडल्यात. विलेक्शन झालं की खंदाय लागनार, वस्तीत नळ येनार. माझं लगीन झाल्यापासनं ह्या डोक्यावर घागर हाय, मास्तर. आता सांगा, कोन टाकंल छत्री?”

“म्हणजे मनात छत्री आहे?”

“मनात काय आसंल त्ये आसंल.” मग त्यांनी इकडेतिकडे बघून आवाज उतरवला. “आमचं गायरान नेलं कारखान्याला. मेंढरं कुठं चारायची? बारा म्हयने मानसं भायेर. पोळ गुरुजी निदान कचेरीत अर्ज घिऊन तरी हिंडले आमच्यासाठी. पर पाइपा शिडीच्या हाईत.”

“अहो, पण ही मतपेटी थोडीच आहे? हा नुसता अंदाज. यात खोटं बोलून फायदा काय? उलट खरं कळलं, धनगर नाराज आहेत असं छापून आलं, तर गायरानाचं काहीतरी होईल. न बोललात तर कुणाला कळणारच नाही तुमच्या पोटात काय आहे.”

या बोलण्यात मी पटाईत होतो. कॉलेजात मागच्या बाकावरच्या पोरांनाही मी संख्याशास्त्र गोड करून सांगायचो.

अनसाबाई दारातल्या चुलीपाशी बसल्या आणि जळण मागेपुढे करू लागल्या.

“मिसळतासा नक्की?” त्यांनी विचारलं.

“नक्की.”

“माझ्या जिवावर मानसं टाकनार, मास्तर. मला काय तुमचं शास्त्र कळत न्हाय. तुमी म्हनतासा म्हनून मी म्हननार.”

“मावशी, मी तुमच्या घरचं पाणी प्यालोय.”

हे मी म्हणालो. आठवलं की आजही कान गरम होतात.

त्या उठल्या. डबा कमरेवर घेतला, लेकरू घ्यावं तसा, आणि घरोघर निघाल्या. मी मागे दहा पावलं अंतर ठेवून चाललो. दर दारात तेच बोलणं चाललं होतं. “काल भ्यालासा, आज भिऊ नगा. मास्तर मिसळून मोजत्यात. जे मनात हाय त्येच टाका. मी सांगत्ये न्हवं?” एका म्हातारीने विचारलं, “आन कळलं तर गं?” अनसाबाई म्हणाल्या, “कळलं तर माझ्या दारात येऊन मला जाब इचारा.”

शेवटून तिसरं घर बिरूचं. बिरू मदने, अनसाबाईंच्या चुलत दिराचा मुलगा, तिशीतला, उंचापुरा, बोलघेवडा. आप्पासाहेबांच्या शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. आठवड्याच्या बाजारी थोडी घ्यायचा आणि मग सगळ्या वस्तीला बाजारातल्या बातम्या सांगत बसायचा. त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही, असं त्याची बायकोच म्हणायची.

“काकू, मला सोडा की,” तो हसत म्हणाला. “मी सायबांच्या ट्रॅक्टरवर. माझी शिडीच म्हना!”

“मनातली टाक, बिऱ्या. ट्रॅक्टरची टाकू नगस.”

त्याने चिठ्ठी घेतली, आत गेला, बाहेर आला आणि घडी घातलेली चिठ्ठी खाचेत ढकलली. “मास्तर, कुठं बोलू नगासा बरं का. माझी भाकरी हाय तिथं,” असं म्हणून त्याने डोळे मिचकावले.

कळंबगावच्या लॉजवर येऊन भर दुपारी मी डबा उघडला. एकोणचाळीस छत्र्या, सात शिड्या.

तो आनंद कसा सांगू? गणित सुटल्यावर होतो तसा. बाकीच्या तीन वस्त्यांनीही दुसऱ्या फेरीत असाच कौल दिला. आकडे आता खऱ्यासारखे दिसायला लागले, कंगोरे आले. तालुक्याचं चित्र स्पष्ट झालं. आप्पासाहेब दीड-दोन हजार मतांनी पडत होते.

*

“पडतोय?” आप्पासाहेबांनी विचारलं.

त्यांच्या बंगल्याच्या मागच्या व्हरांड्यात आम्ही दोघंच होतो. सकाळची वेळ. ते नारळाचं पाणी पीत होते, मलाही एक शहाळं फोडून दिलं होतं. माणूस मोठा रुबाबदार, आवाज कधी चढवायचे नाहीत. मला ‘प्रोफेसर’ म्हणायचे. मला ते आवडायचं, कारण कॉलेजात मी नुसता लेक्चरर होतो.

“आज मतदान झालं तर पडताय,” मी म्हणालो.

“आमची पोरं तर म्हणतात, दहा हजारांनी येतोय.”

“पोरं तुम्हाला आवडेल ते सांगतात. मी आकडे सांगतो.”

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं आणि हसले. “हे आवडलं आपल्याला. मतदानाला सोळा दिवस आहेत. कुठं कुठं मार खातोय?”

माझ्या पिशवीत दोन कागद होते. एक गोषवारा, तालुक्याचा. दुसरा तक्ता, अठरा वस्त्यांचा, माझ्या वळणदार अक्षरात, लाल-निळ्या शाईत. पहिला त्यांच्यापुढे होता. दुसरा मी काढला नव्हता.

“ते असं आहे,” मी म्हणालो, “वस्तीवार आकडे आम्ही देत नाही. लोकांना तसा शब्द दिलेला असतो.”

“कुणी दिला?”

“मी.”

“मग कुणाला कळणार आहे? हितं तुमच्या-माझ्याशिवाय कोण आहे?” ते शांतपणे म्हणाले. “नावं आहेत का त्यात?”

“नावं नाहीत.”

“झालं तर मग. नाव नाही, गाव नाही. प्रोफेसर, आजारी माणसाला ताप आहे म्हणून सांगायचं आन कुठं दुखतंय ते सांगायचं न्हाई, असा कुठला डॉक्टर?” त्यांनी शहाळं खाली ठेवलं. “पुढच्या वर्षी लोकसभा आहे. मुंबईला आमच्या लोकांना असाच माणूस पाहिजे, अख्ख्या राज्याचा कानोसा घेणारा. मी शब्द टाकला तर कुणी मोडत न्हाई. पण मी शब्द टाकायला हितं निवडून यायला पाहिजे का नको?”

फार जोर करावा लागला नाही त्यांना. आज लोकांना सांगताना मी म्हणू शकलो असतो की त्यांनी धमकावलं, दम दिला, पिशवी हिसकावली. तसं काही झालं नाही. शहाळ्याचं पाणी गोड होतं, मेहुण्याचा टाइपरायटर परत मागितला जात होता, आणि मी पिशवीत हात घातला.

तक्ता त्यांनी मांडीवर पसरला. मी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली आणि वर्गात शिकवावं तसं बोटाने दाखवायला लागलो. कुणी विचारलं नव्हतं, तेही सांगायला लागलो.

“या चार वस्त्या गेल्याच समजा. मदनेवस्ती बघा, सेहेचाळिसात सात. इथे ताकद घालवण्यात अर्थ नाही. पण या पाच, पुजारवाडी, सुतारमळा, या काठावर आहेत. इथे थोडा जोर लावलात तर पारडं फिरेल.”

“म्हणजे तिथलं काढून हितं वळवायचं.”

“बरोबर,” मी म्हणालो.

ते कार्यकर्त्यांविषयी, जीपगाड्यांविषयी बोलताहेत असं मला वाटलं. खरं सांगायचं तर मला तसं वाटून घ्यायचं होतं. बाभळीखालचे पाइप माझ्या डोळ्यांसमोर आले होते. मी ते बाजूला सारले आणि पुजारवाडीचा टक्का पुन्हा एकदा समजावून सांगितला.

आप्पासाहेब आठशे एकवीस मतांनी निवडून आले.

आणि त्यांनी शब्द पाळला. “ह्या माणसाने मला वाचवलं,” असं ते मुंबईत ज्याला त्याला सांगत सुटले. वर्षभरात ‘कानोसा’ला बारा जिल्ह्यांचं काम मिळालं. पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत आहे. निकालाच्या दिवशी टीव्हीवर मी बसतो, माझ्या मागे दोनशे माणसं काम करतात, आणि सूत्रसंचालक पोरी मला ‘अचूक उपळेकर’ म्हणतात. त्यांना माझा सगळ्यात अचूक आकडा कुठला, ते ठाऊक नाही.

*

निकालानंतर महिन्याभराने मी मदनेवस्तीवर गेलो. कळंबगावच्या चहाच्या टपरीवर कुणीतरी सहज म्हणालं होतं की मदनेवस्तीचे पाइप मतदानाआधीच ट्रॉलीत भरून पुजारवाडीला नेले, आणि पुजारवाडी सगळी शिडीवर गेली. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. मी ठरवलं, जायचं आणि अनसाबाईंच्या पायाशी बसून सांगायचं, मावशी, हे माझं काम. दोन रात्री झोपलो नव्हतो. वाटेत स्कूटरवर मी वाक्यंसुद्धा जुळवली होती.

बाभळीखाली नुसती दबलेली, पिवळी पडलेली गवताची लांबट जागा होती. घरांत कुणी नव्हतं. सगळी बिरोबाच्या देवळापुढे जमली होती. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे पितळी ताटात भंडाऱ्याची रास. ताट अनसाबाईंच्या हातात होतं. दीड-दोन महिन्यांत त्या वाळल्या होत्या.

धनगरांत भंडारा उचलून खोटं बोलत नाहीत. देवापुढे चिमूट हातात घेतली की संपलं, त्यापुढे कोर्ट नाही.

मला बघितल्याबरोबर एक म्हातारा ओरडला, “आला बगा! हेच्या डब्यानंच वाटूळं झालं.”

“थांब, मामा,” अनसाबाई म्हणाल्या आणि माझ्याजवळ आल्या. “बरं झालं आलासा, मास्तर. देवानंच धाडलं. पाइपा नेल्या, कळलं का? न्यायला आलेला मुकादम म्हनला, तुमची वस्ती फिरलीय ह्ये सायबांना कळलंय, आन तुमच्यातल्यानंच सांगितलंय. आता ह्यी मानसं माझ्या दारात येऊन इचारत्यात. माझ्याशी बोलत न्हाईत, माझ्या चुलीतला इस्तू नेत न्हाईत. मी म्हनलं, सगळ्यांनी भंडारा उचला. ज्यानं सांगितलं त्यो उचलायचा न्हाय.”

“मग?” मी विचारलं.

“समद्यांनी उचलला.”

मी पाहिलं, पुरुषांच्या रांगेत बिरूच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी होती. त्याच्या बोटांना भंडारा लागलेला होता. नेहमी बडबडणारा माणूस खाली मान घालून उभा होता. त्याची बायको पोराला पोटाशी धरून देवळाच्या भिंतीला टेकली होती.

“ट्रॅक्टर कुनाचा चालवतोय त्यो?” म्हातारा म्हणाला. “बाजारात पिऊन कोन बडबडतं? त्यानंबी उचलला. देवाला भ्यायला नगं?”

“मी न्हाय बोललो, आज्जा,” बिरू म्हणाला. “लेकराची आन.”

अनसाबाईंनी ताट माझ्यापुढे धरलं.

“ह्ये म्हनत्यात, मास्तरनंच सांगितलं आसंल. मी म्हनलं, न्हाय, मास्तर शब्दाचा मानूस हाय. तुमी मिसळून मोजलंसा न्हवं? तेवढं भंडारा उचलून सांगा. माझी मान तेवढी वर ऱ्हाऊ दे, मास्तर.”

वाटेत जुळवलेली वाक्यं माझ्याजवळ होती. एकही विसरलो नव्हतो. मावशी, मी नाही मिसळलं. मावशी, मी तक्ता दिला. तोंड उघडलं असतं की बाहेर पडली असती. मी पन्नास माणसांकडे पाहिलं. मारतील, ही भीती होतीच. पण खरं सांगतो, ती मोठी नव्हती. मोठी भीती अशी की ही गोष्ट कळंबगावला कळेल, सांगलीला कळेल, मुंबईला कळेल. ज्याच्या डब्यावर लोकांचा विश्वास नाही, त्याला मुंबईचं काम कोण देणार? मी मनातल्या मनात गणित केलं. तिथेही, देवळापुढेही मी गणितच केलं.

माझा देवावर विश्वास नाही. भंडारा उचलणं मला जड नव्हतं.

मी चिमूट उचलली. “मिसळून मोजलं,” मी म्हणालो. “कुठल्या वस्तीचं काय, मलासुद्धा माहीत नाही.”

अनसाबाईंनी डोळे मिटले आणि एक मोठा श्वास सोडला. “आयकलं?” त्या सगळ्यांकडे वळून म्हणाल्या. मग त्यांनी बिरूकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. म्हातारा त्याच्यासमोर थुंकला. कुणी अंगावर गेलं नाही, शिवी दिली नाही. बायका उठल्या, पोरं उचलली आणि बिरूच्या बायकोला वळसा घालून घराकडे गेल्या. अनसाबाई मला म्हणाल्या, “भाकरी खाऊन जावा, मास्तर.” मी म्हणालो, उशीर होतोय. ऊन अजून डोक्यावरसुद्धा आलं नव्हतं.

स्कूटरला किक मारत होतो तेव्हा मागून बिरू आला. मला वाटलं, आता हा माझी गचांडी धरणार. मला ते बरंसुद्धा वाटलं असतं. पण तो हँडलला हात लावून उभा राहिला. डोळे लाल झाले होते.

“मास्तर, एक इचारू का? तुमी शिकलेलं मानूस.”

“विचार.”

“तुमी तर मिसळलंसा. आन ह्यांनी समद्यांनी उचलला भंडारा, त्ये काय खोटं उचलतील? मी तीन दिस झालं इचार करतोय. त्या बाजारी मी घेतली व्हती. सायबांची पोरं व्हती संगं. घरी कसा आलो, मला याद न्हाय.” तो थांबला. “मला याद नसताना माझ्याच तोंडातनं गेलं आसंल का, मास्तर? आसं व्हतं का?”

त्याच्या चेहऱ्यावर एवढा भरवसा होता की मला नजर खाली घ्यावी लागली. एकच शब्द पुरे होता. ‘नाही.’ बाकी काही कबूल न करताही मी तेवढं म्हणू शकलो असतो.

“असेल बाबा,” मी म्हणालो. “दारूत माणसाच्या तोंडून जातं कधी कधी.”

त्याने बराच वेळ मान हलवली, कोडं सुटल्यासारखी.

“मग मीच आसनार,” तो म्हणाला. “काकूवर उगं आळ यायला नगं.”

त्याने हँडल सोडलं, मला नमस्कार केला आणि कबूल करायला देवळाकडे परत निघाला.